वाघोबा म्हटलं तरी दहाच मार्क

लेकीची बीएची असाइनमेंट होती, विल्यम ब्लेकची ती वाघावरची कविता, रसग्रहण करा, मार्क दहा. रात्री साडेनऊला येऊन म्हणते, बाबा तुझं इंग्लिश चांगलंय ना. आता माझं इंग्लिश ऑफिसच्या पत्रांपुरतं चांगलं, 'विथ रेफरन्स टु युअर लेटर'च्या पुढे काही मी कधी गेलो नाही, पण पोरीसमोर कोण कबूल करणार.

पहिलाच शब्द टायगर, आणि स्पेलिंगमध्ये आयच्या जागी वाय. मी लगेच पेन काढून दुरुस्त केलं. तर म्हणे अरे १७९४ ची कविता आहे, त्याने तसंच लिहिलंय. पुसताही येईना, बॉलपेन होतं.

मग वाचली. चोवीस ओळी आणि नुसते प्रश्न. तुला कोणी घडवलं, डोळ्यांतली आग कुठून आणली, हातोडा कुठला, भट्टी कुठली, ज्याने कोकरू केलं त्यानेच तुला केलं का? उत्तर एकही नाही! म्हणजे पेपर ह्याने काढायचा आणि सव्वादोनशे वर्षांनी तो सोडवायचा आम्ही. त्यात 'आय'शी, म्हणजे डोळ्याशी, यमक जुळवायला 'सिमेट्री'चं 'सिमेट्राय' करायचं का, ह्यात अर्धा तास गेला.

शेवटचं कडवं बघतो तर पहिलंच परत. मला वाटलं झेरॉक्सवाल्याने घोळ घातला. पण रविवारच्या पुरवणीत दोन चित्रांतला फरक ओळखा असतं ना, तसं शब्द न् शब्द लावत गेलो आणि सापडला, आधी 'कुड' होतं, शेवटी 'डेअर'. आधी विचारतो असा वाघ घडवणं कोणाला जमेल, मग विचारतो कोणाची छाती होईल. एवढाच एक शब्द. इथे मात्र मी जरा गप्प झालो. लेकीच्या नोट्समध्ये होतं की हा बाबा तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं उलटी, आरशात दिसतात तशी लिहायचा, पत्रा ॲसिडने खोदायचा, छापायचा, वर हाताने रंग द्यायचा. मग वाघ बघून त्याला हत्यारांचेच प्रश्न पडणार ना, आमचा सुतारसुद्धा दुसऱ्याने केलेलं कपाट बघितलं की आधी प्लाय कुठला ते विचारतो.

तेवढ्यात आई पाणी प्यायला उठली. काय चाललंय रे एवढ्या रात्री? म्हटलं वाघाला कोणी केलं ते शोधतोय.

"कोणी म्हणजे? ज्याने तुला केलं त्यानेच. झोपा आता."

लेकीने ते चक्क वहीत उतरवून घेतलं. मग मोबाइलवर आजीला ब्लेकने कवितेखाली स्वतः काढलेला वाघ दाखवला. एवढी आग, एवढी भट्टी, आणि चित्रात हा गुबगुबीत प्राणी, आत कापूस भरल्यासारखा, दुधाच्या वाटीची वाट बघत उभा. आईने चष्मा वर सरकवला, मोबाइल लांब धरला, जवळ धरला.

"हा वाघ? कोणी केला गं हा?"