‘घरबसल्या हॉर्टन’ म्हणणाऱ्या वाचकांना

मागच्या लेखात मी रॉबर्ट हॉर्टन या अमेरिकन जलशास्त्रज्ञाच्या कामाबद्दल लिहिलं होतं. आमच्या राजापूरकडच्या उतारांवर पाणी किती मुरतं, हे लोखंडी पिंपाचं कापलेलं कडं जमिनीत ठोकून आणि त्यात पाणी ओतून मी कसं बघतो, तेही होतं त्यात. त्यावर एका वाचकांनी लिहिलं आहे: “घरबसल्या हॉर्टन वाचून कोकण समजत नाही. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे कडं ठोकून पाणी मोजणं हा पोरखेळ आहे. चर मारा, पाणी आपोआप मुरतं.” पुढे एकेरी कड्याचे दोष, काजूची लागवड आणि सरकारी योजना यांवरही बरंच काही आहे.

कड्याबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. एकेरी कड्यातलं पाणी खाली जातं तसं बाजूलाही पसरतं आणि मुरण्याचा दर फुगलेला दिसतो. दुहेरी कडं असेल तर बाहेरच्या कड्यातलं पाणी ही गळती रोखतं. पण मी दोन जागांची तुलना करत होतो आणि दोन्हीकडे कडं तेच होतं. तेवढ्याला ते पुरतं.

आता ‘घरबसल्या’. हा शब्द मला लागला. सड्याखालच्या, म्हणजे जांभ्याच्या कातळपठाराखालच्या, वाडीत वाढलोय मी. एप्रिल संपता संपता विहीर तळाला जायची. मग आई आणि काकी पहाटे पऱ्यात, म्हणजे आटलेल्या ओढ्यात, खड्डा खणून बसायच्या. पाणी साठलं की करवंटीने हंड्यात भरायचं, परत थांबायचं. बाबांनी कर्ज काढून विहीर खोल केली. वरचा जांभा फोडून झाला आणि खाली पांढरट-पिवळी चिकण माती लागली. पाणी होतं तेवढंच राहिलं. ते का वाढलं नाही, हे मला कोणी सांगू शकलं नव्हतं. त्या शोधात मी हॉर्टनपर्यंत पोचलो. एका शब्दात हे सगळं पुसून टाकण्याआधी तुम्ही निदान विचारायचं तरी होतं.

आणि पोरखेळ कशाला म्हणता? कलमाखाली पालापाचोळा बाजूला सारून कडं ठोकलं की ओतलेलं पाणी पट्टीवरून सरसर खाली उतरतं. कुठल्यातरी किड्याच्या बिळातून हवेचे बुडबुडे येत राहतात. तिथून दहा पावलांवर गुरांची वाट आहे. माती तीच, उतार तोच, पण तिथे तेवढंच पाणी आरशासारखं उभं राहतं. हॉर्टनने १९३३ च्या निबंधात मांडलं ते हेच. जमिनीला पाणी पिण्याची मर्यादा असते. पाऊस तिच्याहून जोराचा पडला की वरचं पाणी वाहून जातं. पाऊस पडत राहिला की ती मर्यादा घटत जाते आणि मग एका पातळीवर टिकते. थेंबांच्या माऱ्याने माती दबते, बारीक कण छिद्रं बुजवतात, चिकण माती फुगते, अशी कारणं त्याने दिली, आणि ती सगळी पृष्ठभागाची आहेत. म्हणून पाचोळा जाळायचा की ठेवायचा, हा आमच्या बागांमध्ये पाण्याचा प्रश्न आहे. तीन हजार हा तुमचा आकडा वर्षाचा झाला. पाणी वाहणार की मुरणार हे ठरताना तासाला किती पडलं ते बघावं लागतं.

हॉर्टन सगळीकडे लागू पडतो असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लेखाचा अर्धा भाग त्यावरच होता, तो तुम्ही वाचलेला दिसत नाही. १९७० मध्ये डन आणि ब्लॅक या संशोधकांनी अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या उतारांवर दुसरी तऱ्हा दाखवली. तिथे जमीन खालून भरत येते आणि एकदा भरली की रिमझिम पाऊससुद्धा वाहून जातो, मग माती कितीही भुसभुशीत असो. जुलैत आमच्या उताराच्या पायथ्याशी हेच होतं. पाणी जांभ्यातून झपाट्याने खाली जातं, चिकण मातीवर अडतं, तिच्यावरून आडवं सरकतं आणि पायथ्याला झरे होऊन बाहेर पडतं. बाबांची विहीर त्या मातीत गेली होती. आडवं येणारं पाणी तिला वरच मिळत होतं, खाली खणून नवं काही मिळणार नव्हतं.

तुमचा चर आता या उतारावर ठेवून बघा. जूनच्या सुरुवातीला, तुडवलेल्या उघड्या जागेवर, तो उपयोगी आहे. वाहतं पाणी थांबवेल, माती धरेल. जुलैत भरलेल्या उतारावर तोच चर म्हणजे भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतणं. पायथ्याशी मुरलं तरी ते त्याच आडव्या वाटेने निघून जाणार, मेपर्यंत थांबणार नाही. आणि उभ्या डोंगरउतारावर जाड माती असेल तर तिथे पाणी मुरवायची घाई धोक्याची आहे. पाण्याने भरलेली माती सुटते. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली, त्यानंतर तरी ‘आपोआप मुरतं’ असं इतक्या बेफिकिरीने कोणी लिहू नये. आमच्या शेजारच्या वाडीत एका योजनेत असेच चर मारले गेले. कुठे मारायचे हे कोणी तपासलं नाही. निम्मे सरळ कातळावर आहेत.

काजू आणि योजनांबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्याचा माझ्या लेखाशी संबंध नाही, त्यात मी शिरत नाही.

चराचा मुद्दा तुम्हाला धरून ठेवायचा असेल तर खुशाल धरा. पण उतार किती, जांभ्याखाली माती किती खोल आणि कड्यात पाणी तासाला किती उतरतं, हे तुमच्या जागेवर मोजून पाठवा. दुहेरी कड्याने मोजलंत तर उत्तमच. त्यावर मी हवं तेवढं बोलेन. मी कुठे बसून लिहितो यावर आता आणखी बोलणार नाही.