जांभळ्या टॉर्चला जंतू दिसत नाहीत

‘हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होण्याआधी हे वाचा!!!’ हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. माझ्याकडे बऱ्याच ग्रुपांतून आला, मी सोडून दिला. परवा तो सासूबाईंनी पाठवला. पुढच्या महिन्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. खाली लिहिलं होतं, ‘टॉर्च मागवली आहे गं, तू लॅबमध्ये आहेस ना, कुठे कुठे मारायची ते सांग.’ मी हॉस्पिटलच्या मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये काम करते. आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: तीनशे रुपयांची यूव्ही टॉर्च वॉर्डात मारा, चमकेल तिथे जंतू, चमकणार नाही ती जागा स्वच्छ. हॉस्पिटलकडे एटीपी मीटरचा (पृष्ठभागावरची घाण मोजायच्या यंत्राचा) आकडा मागा, ३०च्या वर असेल तर पेशंट हलवा. फिनेलचा वास नसेल तर सफाई झालेली नाही. रोज स्वॅबचा रिपोर्ट मागा. खोलीत फॉगिंग करून घ्या. सोबत व्हिडिओ आहे. एक बाई चादरीवर टॉर्च मारतायत, चादर निळी झगमगतेय आणि बाजूला सफाईच्या मावशी मान खाली घालून बोलणी खातायत.

ती चादर चमकली कारण ती धुतलेली होती! कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून डिटर्जंट पावडरीत ऑप्टिकल ब्रायटनर घालतात, तो यूव्हीखाली निळा चमकतो. म्हणजे मावशींना बोलणी बसली ती चादर बदलल्याबद्दल. खात्री करायची तर घरीच बघा. नवऱ्याचा पांढरा शर्ट चमकेल, हळद पिवळी-हिरवी चमकेल, नोटेवरचा नंबर चमकेल. आणि चादरीवर रक्ताचा थेंब वाळलेला असेल तर? तो चमकत नाही, उलट काळा दिसतो. वाळलेल्या रक्तात हेपेटायटिस बीचा विषाणू किमान सात दिवस तग धरतो. म्हणजे ज्याला खरोखर घाबरायचं, ते या टॉर्चच्या हिशेबात ‘स्वच्छ’.

स्युडोमोनास नावाचा जंतू यूव्हीखाली हिरवट चमकू शकतो, हे मान्य. पण तो लॅबमधल्या प्लेटवर भरघोस वाढलेला असतो तेव्हा. कॉटच्या दांडीवरचे शे-पाचशे जंतू कुठल्याही टॉर्चला दिसत नाहीत.

टॉर्चची ही अफवा कुठून निघाली असेल, याचा मला अंदाज आहे. हॉस्पिटलात यूव्ही टॉर्च वापरतात, आम्हीही वापरतो. फक्त चमकणारा ठिपका आम्हीच लावलेला असतो. वाळल्यावर दिसेनासं होणारं एक जेल असतं. त्याचा छोटा ठिपका कॉटच्या दांडीवर, नर्सला बोलवायच्या बटणावर, दाराच्या मुठीवर, बाथरूमच्या स्विचवर लावायचा आणि कुणाला सांगायचं नाही. सफाई झाली की टॉर्च घेऊन जायचं. ठिपका गेला तर तिथे फडकं फिरलं, राहिला तर नाही. एवढंच कळतं. जंतू किती, हा प्रश्न या तपासणीत नसतोच.

बॉस्टनच्या डॉ. फिलिप कार्लिंग यांनी याच ठिपक्यांनी अमेरिकेतली ३६ हॉस्पिटलं तपासली. अभ्यास २००८ साली छापून आला. पेशंट घरी गेल्यावर खोली साफ करतात, त्या सफाईत हात लागणाऱ्या जागांपैकी पुसल्या गेलेल्या निघाल्या ४८ टक्के. अमेरिकेत! मग सफाई कर्मचाऱ्यांना शिकवलं, त्यांचे निकाल त्यांनाच दाखवले, आणि आकडा ७७ टक्क्यांवर गेला. याच पद्धतीच्या आणखी एका तपासणीत कमोड आणि वॉशबेसिन बहुतेक वेळा पुसलेले सापडले, दाराच्या मुठी आणि बाथरूमचे स्विच मात्र राहून गेलेले. कुठली जागा पुसायची हे कुणी नीट सांगितलेलंच नसतं. व्हिडिओतल्या त्या बाईंना हे कोण सांगणार?

आता एटीपी मीटर. एटीपी म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणारं रसायन. स्वॅब पृष्ठभागावर फिरवायचा, नळीत घालायचा, काजव्याला उजेड पाडायला लागतं ते एन्झाइम त्यात असतं. एटीपी जितका जास्त तितका उजेड, आणि मीटर तो उजेड मोजतो. पण एटीपी प्रत्येक पेशीत असतो. टेबलावर वरणाचा थेंब सांडला, पेशंटच्या त्वचेची साल पडली, तरी आकडा चढतो. विषाणूंमध्ये एटीपी नसतोच. ब्लीचचा अंश राहिला तर तोही रीडिंग बिघडवतो. शिवाय त्या ३०ला काही अर्थ नाही. एका कंपनीच्या मीटरवर ३० म्हणजे नापास, तर दुसरीच्या मीटरवर २५०पर्यंत चालतं असं धरून काम झालंय. कुठलं मीटर हे न विचारता आकडा मागणं म्हणजे पैसे की रुपये हे न सांगता भाव करणं. आधी-नंतर तुलना करायला हे यंत्र चांगलं आहे. पेशंट हलवायचा की नाही, हे ते सांगू शकत नाही.

फिनेलच्या वासाबद्दल लिहायला नको. ‘नुसत्या डोळ्यांनी बघून भागत नाही’ हे मेसेजमधलं एक वाक्य मात्र बरोबर आहे, नाइलाजाने मान्य करते. वेल्समधल्या २०००च्या एका अभ्यासात डोळ्यांना ८२ टक्के जागा स्वच्छ दिसल्या होत्या, कल्चरच्या, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघण्याच्या, कसोटीला ३० टक्केच उतरल्या.

मग कल्चरच रोज का करत नाहीत? कॉन्टॅक्ट प्लेट असते, आगार (जंतू वाढवायची जेली) किंचित फुगीर भरलेला, साधारण २५ चौरस सेंटिमीटरची. ती दांडीवर दाबायची. आगारात लेसिथिन घातलेलं असतं, नाहीतर उरलेलं जंतुनाशक प्लेटवरही जंतू मारत राहतं आणि रिपोर्ट खोटाच सुंदर येतो. मग ३७ अंशांवर ठेवून वाढलेल्या जंतूंच्या वसाहती मोजायच्या. हात लागणाऱ्या जागांसाठी स्कॉटलंडच्या डॉ. स्टेफनी डान्सर यांनी २००४मध्ये सुचवलेली मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला पाचच्या आत, म्हणजे प्लेटवर सव्वाशे. आकडा हाती येईपर्यंत दोन दिवस जातात, तोवर त्या कॉटवर दुसरा पेशंट आलेला असतो. साथ उठली, चौकशी चालू आहे, तेव्हा हे करायचं. उगाच दिसेल तिथे स्वॅब घेऊ नका, हे अमेरिकेच्या सीडीसीने (तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने) २००३च्या मार्गदर्शक सूचनांतच सांगितलंय.

फॉगिंग: वॉर्डात नको. जंतुनाशकाची वाफ उडवून दांडी पुसली जात नाही.

सासूबाई, आणि तुम्हीही, विचारायचंच असेल तर वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना विचारा: ठिपक्यांची तपासणी करता का, शेवटची कधी झाली, किती टक्के आले, आणि ते मावशींना सांगितलं का. ज्या वॉर्डात ही तपासणी होते, तिथल्या सिस्टरना आकडा तोंडपाठ असतो.