अनुदान हवंय? आधी सुतार बदला

नाशिकमध्ये नाट्यसंस्था काढायचं मनात असेल तर सर्वप्रथम अभिनंदन. नाटक कोणतं करायचं ते आत्ताच ठरवत बसू नका. ते शेवटी ठरवा, तेही वेळ उरला तर. आधी 1860च्या कायद्याखाली सोसायटी, मग 1950च्या कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात न्यास, मग पॅन, आयकर खात्याची 12ए नोंदणी, स्वयंसेवी संस्थांचं सरकारी दर्पण पोर्टल, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि तीन वर्षांची विवरणपत्रं. या तीन वर्षांत कार्यक्रम करायचे असतात बरं का, फोटो जोडावे लागतात. पैसे? स्वतःचे. तीन वर्षं अनुदानाशिवाय तगून दाखवलंत की तुम्हाला अनुदानाची गरज असल्याचं सिद्ध होतं.

संस्थेचं नाव दोन शब्दांचं ठेवा. 'सांस्कृतिक बहुउद्देशीय सेवाभावी कलाविकास मंडळ' बँकेच्या रकान्यात मावत नाही. मग पॅनवर एक नाव, पासबुकावर त्याचं धड, दर्पणवर तिसरंच स्पेलिंग, आणि पहिली त्रुटी तिथेच निघते.

कार्यकारिणीतल्या कुणालाही मुदतीत मरू देऊ नका. नाव बदलण्याचा धर्मादाय कार्यालयातला फेरफार अर्ज मंजूर होईपर्यंत तुमचं नाटक त्यांच्यामागून जाईल.

आता हिशेब. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची कार्यक्रम आणि नाट्यनिर्मितीसाठी योजना आहे. खर्चाच्या 75 टक्के, साधारणपणे कमाल 5 लाख. समजा नाटकाचा खर्च 4 लाख. अनुदान झालं 3 लाख, तेही मागितलं तेवढं मंजूर झालं तर, म्हणजे स्वप्नात. त्याचे दोन हप्ते. पहिला 75 टक्के म्हणजे 2 लाख 25 हजार. उरलेले 75 हजार प्रयोग झाल्यावर, हिशेब पोचल्यावर, तपासल्यावर. तुमच्या वाट्याचा 1 लाख अधिक हे अडकलेले 75 हजार, असे पावणेदोन लाख पडदा उघडायच्या आत कुणीतरी घालायचे असतात. हा कुणीतरी बहुतेक वेळा दिग्दर्शक असतो, किंवा त्याच्या बायकोचं मंगळसूत्र. सरकार कलेच्या पाठीशी उभं असतं. पाठीशीच, कारण पुढे तुम्ही असता.

आणि आता मुख्य सल्ला: सुतार बदला. जुन्या नाशकातला तुमचा नेहमीचा सुतार, जो नेपथ्याच्या 8 बाय 4च्या सहा चौकटी (आमच्या भाषेत फ्लॅट), दोन लेव्हल म्हणजे चौथरे आणि न डगमगणारा दरवाजा चार रात्रींत उभा करतो, तो अनुदानाच्या कामाचा नाही. त्याच्याकडे छापील बिलबुक नाही. जीएसटी क्रमांक नाही, कारण त्याची उलाढाल तेवढी नाहीच. त्याला एका दिवसात 10 हजारांवर रोख देता येत नाही, म्हणून खात्यावर पाठवायचे. खातं बायकोच्या नावावर, व्हाउचर त्याच्या नावावर, म्हणजे दुसरी त्रुटी. 5 हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं आणि पोस्टात ते नेमकं संपलेलं असतं. तिकीट लावलं तर सही अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर हवी. पूर्ण तिकिटावर केली तर ती सही नव्हे, पूर्ण कागदावर केली तर ते तिकीट नव्हे. टेम्पोवाला, इस्त्रीवाला, तालमीला वडापाव देणारा, सगळ्यांचं हेच. यातून मार्ग एकच उरतो आणि तो सगळ्यांना माहीत आहे: छापील बिलं असलेल्या एखाद्या 'इव्हेंट'वाल्याकडून एकच जाडजूड बिल घ्या. खऱ्या सुताराचं खरं व्हाउचर संशयास्पद, खोट्या कंत्राटदाराचं खोटं बिल नियमात. लबाडी शिकवण्याची याहून उत्तम कार्यशाळा कुठल्याही अकादमीनं घेतलेली नाही, आणि वर प्रामाणिकपणाची अपेक्षा आमच्याकडूनच!

असो. शांतपणे पुढचा मुद्दा.

शिक्का सहीच्या शेजारी मारा. परवा एका संस्थेचं (कोणत्या ते विचारू नका) उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान ठरल्या कामीच खर्चल्याचा दाखला, परत आलं. त्याचा सरकारी जीएफआर 12-ए नमुना बरोबर, आकडे बरोबर, सीएची सही आणि त्याचा क्रमांक बरोबर. पण सचिवांच्या सहीवर संस्थेच्या गोल शिक्क्याची कड चढली होती. 'सही सुवाच्य नाही.' सही! याआधी तीच फाइल पान क्रमांक नाहीत म्हणून परत आली होती, त्याआधी फोटोंवर तारीख नाही म्हणून. प्रत्येक वेळी एकच त्रुटी. तीनही त्रुटी पहिल्याच दिवशी त्याच कागदांवर बसलेल्या होत्या, पण एका बैठकीत तीन सापडल्या तर टेबलाला पुढे काम काय राहणार?

प्रयोगाचं तिकीट 500 रुपयांपर्यंत ठेवलंत तर जीएसटी लागत नाही. नाशिककर रसिक तुम्हाला या मर्यादेच्या आसपासही फिरकू देणार नाहीत. दीडशेच्या तिकिटालाही 'दोन पास ठेव रे' असा फोन येतोच.

सिंहस्थ जवळ आलाय, 'लोककला पथक पाठवा' म्हणून विचारणा होईल. मानधन विचारू नका, संधी मिळतेय.

वय मात्र सांभाळून वाढवा. 18 ते 25 वयात केंद्राची युवा कलाकार शिष्यवृत्ती, महिना 5 हजार, दोन वर्षं. 25 ते 40 कनिष्ठ फेलोशिप, 10 हजार. चाळिशीनंतर वरिष्ठ, 20 हजार. देशभरात मूठभर जागा, त्यामुळे मधल्या काळात नोकरी करा. पन्नाशी गाठलीत की राज्याची ज्येष्ठ कलावंत मानधन योजना, महिना 5 हजार. अट: वार्षिक उत्पन्न 60 हजारांच्या आत. म्हणजे महिना 5 हजार मिळवणारा गरीब, 5 हजार 1 मिळवणारा सुखवस्तू. जिल्ह्याला वर्षाला 100 नावं. आपल्या नाशिक जिल्ह्याचे तालुके 15, म्हणजे तालुक्याला सहा-सात. आणि पुरावे आणा: कात्रणं, प्रमाणपत्रं, निमंत्रणपत्रिका. सुरगाण्याकडचा म्हातारा, ज्यानं उभं आयुष्य बोहाड्यात, म्हणजे आदिवासींच्या सोंगांच्या उत्सवात, तोंडाला लाकडी मुखवटा बांधून रात्र रात्र सोंग नाचवलं, तो कात्रण कुठून आणणार? गावजत्रेत वार्ताहर जात नाही, आणि गेलाच तरी फोटो मुखवट्याचा येतो. आत हेच होते कशावरून, असंही कुणी विचारेल.

बस्स झाले सल्ले. आता टेबलामागच्या साहेबांनो, तुमच्याशी बोलतो. हे पैसे तुमच्या घरचे नाहीत आणि आमच्यावर उपकारही नाहीत. आमच्यातल्या ज्यांनी खोटी बिलं लावून अनुदानं लाटली त्यांना खुशाल पकडा, आम्ही नावं सांगतो. पण त्यांना तुम्ही पकडत नाही, कारण त्यांचे कागद चोख असतात. तुम्ही अडवता ती शिक्क्याची कड. प्रयोग बघायला तुमच्यातलं कुणी कधी आलंय? एकदा येऊन बसा, फ्लॅट मोजा, सुताराला समोर उभा करतो, त्यालाच विचारा किती मिळाले. ते जमत नसेल तर निदान त्रुटी काढाल तेव्हा सगळ्या एकाच पत्रात काढा, खाली तारीख घाला आणि टेबलावरचा फोन उचला.