डाग मोजून अपंगत्व ठरत नाही

"मल्टिपल स्क्लेरॉसिस: मेंदूच्या एमआरआयत दहाच्या वर डाग असतील तर पाच वर्षांत व्हीलचेअर. डाग वाढले नाहीत तर आजार थांबला, औषधं बंद करा. स्कॅन चांगला असूनही थकवा येत असेल तर तो मनाचा." हा फॉरवर्ड फिरत फिरत माझ्या मावसबहिणीपर्यंत पोचला. तिला हाच आजार, एमएस आहे: शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावरच हल्ला करते, आणि इजा झालेल्या जागा एमआरआयत डाग म्हणून दिसतात. जुने रिपोर्ट काढून ती डाग मोजत बसली, तेव्हा माझा संयम संपला.

दहा डाग आणि व्हीलचेअर हे गणित आलं कुठून? ॲमस्टरडॅमचे न्यूरोरेडिऑलॉजिस्ट (मेंदूचे स्कॅन वाचणारे तज्ज्ञ) फ्रेडरिक बार्कहॉफ यांचा २००२ सालचा लेख याच विसंगतीवर आहे: स्कॅनवर डाग भरपूर आणि माणूस चालता-फिरता, किंवा डाग मोजके आणि पाय उचलत नाही. डागांचं एकूण प्रमाण आणि अपंगत्व यांचा मेळ कच्चाच बसतो. कारण डाग कुठे आहे त्यावर बरंच अवलंबून असतं. मज्जारज्जूतला एक बारीक डाग पाय लुळा करू शकतो, आणि मेंदूच्या फिल्ममध्ये मज्जारज्जूचा फार थोडा भाग येतो. मेंदूच्या करड्या भागातलं नुकसान नेहमीच्या एमआरआयत फारसं दिसत नाही. उलट काही मोठे डाग असे की रुग्णाला त्यांचा पत्ताही नसतो.

डागांना काहीच अर्थ नाही, असंही मी म्हणणार नाही. लंडनमध्ये १०७ रुग्णांचा २० वर्षं पाठपुरावा झाला, त्यात डागांचं प्रमाण आणि पुढचं अपंगत्व यांचा मध्यम संबंध दिसला. मध्यम. त्यातून एका माणसाचं भविष्य सांगता येत नाही.

थकव्याबद्दल: एमएसमध्ये तो अत्यंत सामान्य आहे आणि खरा आहे. फिल्म बघून घरच्यांनी त्यावर निकाल देऊ नये.

आता औषधं बंद करण्याचा सल्ला. यामुळे माणसं आयुष्यभरासाठी जायबंदी होतील. नवे डाग आले नाहीत याचं कारण बहुतेकदा औषध चालू आहे हेच असतं! ते थांबवलं की आजार डोकं वर काढू शकतो. एमएसवरच्या फिंगोलिमॉड या गोळीबद्दल तर अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१८ मध्ये जाहीर इशारा दिला: ती बंद केल्यावर काही रुग्णांचा आजार औषध सुरू करण्याआधी होता त्यापेक्षाही खूप बळावला, आणि काहींचं अपंगत्व कायमचं राहिलं. नॅटालिझुमॅब हे एमएसवरचं दुसरं औषध थांबवल्यावरही आजार असा उसळू शकतो. औषध बदलायचं किंवा थांबवायचं असेल, मूल हवं असेल, वय झालं असेल, तर ते न्यूरॉलॉजिस्टशी बोलून ठरवा. बंद करण्याआधी पुढे काय द्यायचं आणि पुढचा स्कॅन कधी काढायचा, हे त्यांनाच विचारा. आणि हा मेसेज ज्यांनी ज्यांनी पाठवला, त्यांनी आजच त्याच ग्रुपवर 'ही माहिती चुकीची आहे, औषधं बंद करू नका' असं लिहा.