रुपया, फुटाणे आणि नाना

काल जळगावच्या काव्यरत्नावली चौकात पोचलो तेव्हा बापू आधीच पेटलेला होता. लहान पोरांना अक्कल कमी, असं सांगणारा नानांनी ग्रुपवर टाकलेला तो 'बालबुद्धी' मेसेज त्यानं शेवटपर्यंत वाचला होता. आमच्या ग्रुपवर कुणी काही शेवटपर्यंत वाचलं की भांडण ठरलेलं.

नाना निवृत्त हेडमास्तर. बोलायला लागले की खडू धरल्यासारखी दोन बोटं आपोआप जुळतात.

"सात वर्षांच्या आतल्या पोराचा तर्क कच्चाच असतो. मी नाही, पियाजे म्हणतो. स्वित्झर्लंडचा मानसशास्त्रज्ञ. जन्म 1896."

लगेच प्रात्यक्षिक. बसक्या ग्लासातला चहा उभ्या ग्लासात. "आता लहान पोराला विचारा, चहा वाढला का? हो म्हणणार!" ओतताना अर्धा चहा माझ्या पँटवर आला, त्यामुळे नानांच्या प्रयोगात तो खरोखरच कमी झाला होता.

"अन् मोठ्यांचं काय?" बापू म्हणाला. "लस्सीवाला उभा ग्लास देतो, खाली जाड बूड, वर फेस. तू दहा रुपये जास्त मोजतो. तुले तपासाले नाही आला का तुझा पियाजे?"

मग बापूची नात निघालीच. दुसरीत आहे. बापूची यावलकडे केळी, उभा जन्म बागेत गेला. पोरीनं विचारलं, आजोबा, केळ्यात बी नाही, मग झाड कशाचं येतं? हा म्हणाला, कंदाचं, नाहीतर टिश्यू कल्चरचं, म्हणजे एकाच झाडाच्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत वाढवलेलं रोप. "म्हणजे सगळी झाडं एकसारखीच? मग एकाला रोग आला तर सगळ्यांना येईल ना?"

"व्हायरसनं बाग उपटली तेव्हा मी औषधवाल्याले शिव्या घातल्या, रोपवाल्याले घातल्या," बापू म्हणाला. "हा प्रश्न मले कधी पडला नाही रे भो. मी फक्त भाव विचारत राह्यलो."

केळ्यातले ते काळे ठिपके म्हणजे न वाढलेलं बीच, रानकेळीत ते टणक असतं, असं मी सांगायला गेलो. कुणी ऐकलं नाही. म्हणून खिशातून दोन रुपये काढले. एका रुपयाभोवती दहाची नाणी मांडली, दुसऱ्याभोवती पश्याच्या पुडीतले फुटाणे.

"मोठा कुठला?"

"फुटाण्यातला," नाना म्हणाले, आणि मग चपापले. दोन्ही रुपयेच की! 2010 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी गोल काढून हेच तपासलं होतं. मोठी माणसं फसली, चार-सहा वर्षांची पोरं फारशी फसली नाहीत. आजूबाजूचं बघून मधल्याचं माप ठरवायची सवय त्यांना अजून लागलेली नसते.

"अहो, पण आजूबाजूचं बघून अंदाज बांधणं म्हणजेच शहाणपण!" नाना म्हणाले. मुद्दा खरं तर बरा होता.

"हो ना," बापू म्हणाला. "शेजाऱ्यानं फोरव्हीलर घेतली की आपली मोटरसायकल त्याच रात्री लहान होते, ते शहाणपण." मग नाण्यांकडे बघत, "आता कळलं, नाना रोज आमच्यातच का येऊन बसतो. फुटाण्यांत बसलं की रुपया मोठा दिसतो!"

नाना लाल. "मी तुमच्यात बसतो हे उपकार समजा!"

"उपकार? मागच्या हिवाळ्यातली भरीत पार्टी आठव. बामणोदची वांगी माझी, भाजाले कपाशीच्या पऱ्हाट्या माझ्या, ठेचली पश्यानं. तू काय केलं?"

"मार्गदर्शन!"

"अन् वर्गणी?"

नाना घड्याळ बघायला लागले. मी मुद्द्यावर येऊ म्हणून खाली पाहिलं, तर एक रुपया उघडाबोडका पडलेला आणि पश्याचे गाल हलताहेत.

"अरे, प्रयोग चालू होता ना!"

"मले वाटलं झाला," पश्या म्हणाला. "चकण्यापेक्षा भाषणच जास्त झालं. अन् नाना, वर्गणी दोनशे होती."