चार लाखांचे वर्णन

नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मी नेमके काय करतो, असे नातेवाइकांनी विचारले की मी ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढ्यावर आटोपते घेतो. खरे उत्तर असे आहे की पडद्याकडे जाणारा विजेचा संकेत किती जोराने पाठवावा, हे ज्या आकड्यांवरून ठरते, त्या आकड्यांचे मी गद्यात वर्णन करतो. आकडे ठरवणारे वेगळे, वापरणारे वेगळे. माझ्या वाट्याला फक्त वर्णन आले आहे.

या दशेला कोण कारणीभूत आहे, हे मला सालासकट ठाऊक आहे. २०११ मध्ये लिनक्स या संगणक-प्रणालीचे जनक लिनस टॉरव्हॉल्ड्स यांनी एआरएम जातीच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या बोर्डांपायी तिच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, साचलेल्या पसाऱ्यावर जाहीर संताप व्यक्त केला, आणि पुढे त्या बोर्डांची माहिती सी भाषेतील कोडमधून काढून ‘डिव्हाइस ट्री’ या वेगळ्या फाइलींत मांडण्याच्या कामाला जोर आला. माहिती वेगळी काढली की तिच्यातील प्रत्येक नोंदीचा अर्थ कोणीतरी लिहून ठेवावा लागतो. तो कोणीतरी म्हणजे मी.

सध्याचे प्रकरण वाइनच्या बाटल्या भरणाऱ्या एका यंत्राच्या पडद्याचे आहे. मोटर सुरू झाली की पडद्यावर ठिपके चमकत. आमच्याकडचे ज्येष्ठ तंत्रज्ञ अण्णा यांनी एक आकडा बदलला आणि ठिपके नाहीसे झाले. ‘तीन टाका, चालतंय,’ हे त्यांचे संपूर्ण दस्तऐवजीकरण. चिपसोबत आलेले मॅन्युअल त्याहूनही मितभाषी असून त्यात ‘प्री-एम्फसिस: प्री-एम्फसिस ठरवते’ असे एकच वाक्य आहे, ज्याच्याशी वाद घालणे अशक्य आहे.

केबलमधून जाताना संकेतातील वेगाने बदलणारा भाग अधिक क्षीण होतो, म्हणून शून्याचा एक किंवा एकाचा शून्य होताना पहिला बिट मुद्दाम जास्त जोराने पाठवतात; हेच ते प्री-एम्फसिस. रविवार कारंजावरच्या गोंगाटात रिक्षावाल्याला हाक मारताना आपण सगळा जोर ‘एऽ’वर देतो आणि ‘रिक्षा’ नुसते उरकतो, तसे. पडदा जोडण्याच्या ‘डिस्प्लेपोर्ट’ या पद्धतीच्या मानकात या जोराच्या शून्य, ३.५, ६ आणि ९.५ डेसिबल अशा चार पायऱ्या आहेत, आणि मूळ व्होल्टेजच्याही ४००, ६००, ८०० आणि १२०० मिलिव्होल्ट अशा चारच आहेत. दोन्ही एकदम टोकाला नेण्याची मात्र मुभा नाही. पायऱ्यांची मोजणी शून्यापासून होत असल्याने अण्णांचा ‘तीन’ हा सर्वांत मोठा जोर ठरतो, आणि म्हणून त्याच्या जोडीला व्होल्टेज सर्वांत खालचे, म्हणजे ४०० मिलिव्होल्ट घ्यावे लागते. हे सारे मी मोठ्या अभिमानाने लिहून कर्नल सांभाळणाऱ्यांकडे परीक्षणासाठी पाठवले.

दूरदेशीच्या परीक्षकांनी अत्यंत सभ्य भाषेत त्याची चाळण केली. व्होल्टेजचा आकडा भौतिक एककात हवा आणि ते एकक नोंदीच्या नावातच दिसायला हवे, असा दंडक आहे, आणि त्यासाठी रूढ असलेले एकक मायक्रोव्होल्ट आहे. त्यामुळे आमचे बिचारे ४०० मिलिव्होल्ट कागदावर ४००००० झाले. छापील प्रत टेबलावर पडली होती, ती हिशेब विभागाच्या कुलकर्णीबाईंनी येता-जाता पाहिली आणि विचारले, “साहेब, हे चार लाख कशाचे? मंजुरी कोणाची घेतली?” एका व्होल्टच्या निम्म्याहूनही ही रक्कम कमी आहे, हे मी त्यांना समजावले, त्यांनी ते ऐकून घेतले, पण प्रतीची झेरॉक्स काढून नेली.

दुसरा दंडक अधिक जाचक निघाला. वर्णन हार्डवेअरचे असावे, ते चालवणाऱ्या कोडने, म्हणजे ड्रायव्हरने, काय करावे याचे नसावे. ‘मोटर सुरू झाल्यावर ठिपके येऊ नयेत म्हणून’ हे माझ्या मजकुरातले एकमेव वाक्य, जे सामान्य माणसाला कळले असते, ते त्यामुळे गळाले. शिवाय एकदा स्वीकारलेले नाव सहसा बदलता येत नाही, कारण जुन्या फाइली नव्या कर्नलवरही चालल्या पाहिजेत. मुलीचे नाव ठेवताना आमच्या घरी झाली नव्हती इतकी चर्चा एका जोडचिन्हाच्या जागेवरून झाली. टॅबचे दुःख तर कोणाला सांगणार? कर्नलच्या सी कोडमध्ये समास टॅबनेच सोडायचा, तोही आठ अक्षरांचा, आणि वर्णनाच्या, ‘यॅमल’ नावाच्या लेखनपद्धतीतल्या फाइलीत टॅबने समास सोडला की फाइलच अग्राह्य. एकाच खुर्चीत बसून सकाळी टॅब दाबायचा आणि दुपारी टाळायचा, ही सवय बोटांना लावताना मिसळीचा रस्सा कळफलकावर सांडला, तेवढाच काय तो विरंगुळा.

अखेर मजकूर स्वीकारला गेला. मी तो मराठीत समजावून अण्णांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा चढवून शेवटपर्यंत लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, “सगळं झालं, पण तीन कुठं लिहिलाय?”

तीन हा आपल्या एका बोर्डाचा आकडा असल्यामुळे तो बोर्डाच्या फाइलीत जातो, आणि इथे फक्त त्या जागी कोणता आकडा बसू शकतो एवढेच सांगायचे असते, असे मी म्हणालो.

“मग त्या फाइलीत टाकलास का?”

“नाही. आधी हे मंजूर व्हायला हवं होतं.”

अण्णांनी खिशातून पेन काढले आणि यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिले: ३.