‘एक पिनाका म्हणजे दोन हायमार्स’? नळ्या मोजण्यातला घोळ

‘एक पिनाका = दोन हायमार्स! १२ विरुद्ध ६ रॉकेटं, ४४ सेकंदांत खेळ खलास, पल्ला १२० विरुद्ध ७० किलोमीटर, किंमत तर चिल्लर.’ तिरंग्याच्या चित्रासकट हा मजकूर सगळीकडे फिरतोय. दोन्ही ट्रकवरून रॉकेटं सोडणारे लाँचर: पिनाका भारताची, हायमार्स अमेरिकेची. सुटे आकडे फारसे चुकीचे नाहीत. घोळ आहे तो कशाशेजारी काय ठेवलंय त्यात.

आधी नळ्या. पिनाकाच्या ट्रकवर सहा-सहा नळ्यांचे दोन पॉड असतात, हायमार्सवर एकच. अमेरिकेला दुसरा बसवता आला नाही, असं नाही. १२ रॉकेटांची, रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी एम-२७० त्यांच्याकडे आधीपासूनच होती, पण ती जड. सी-१३० या मालवाहू विमानात मावावी म्हणून एक पॉड उतरवून चाकांवरची हायमार्स केली. नळ्याच मोजायच्या तर पिनाकाची जोडी एम-२७०शी लावा. आणि नळ्यांवरच निकाल असेल, तर ४० नळ्यांची जुनी सोव्हिएत ग्रॅड दोघींनाही हरवेल की!

४४ सेकंद हा आकडा नेम न धरणाऱ्या साध्या रॉकेटांचा. सहा लाँचरांची तुकडी (बॅटरी) तेवढ्यात ७२ रॉकेटं सोडते, प्रत्येकावर साधारण १०० किलोचा स्फोटक भाग. एखादी इमारत टिपणं हा त्यामागचा हेतूच नाही. तोफांची ठाणी, उघड्यावर जमलेलं सैन्य असा अख्खा पट्टा भाजून काढायचा असतो. पहिला स्फोट ऐकला की माणूस खंदकात उडी मारतो, म्हणून बाकीची रॉकेटं त्याआधीच पडायला हवीत. घाई आहे ती यासाठी. युक्रेनने २०२२मध्ये हायमार्सकडून दुसरंच काम करून घेतलं: दारूगोळ्याचे साठे, खेरसोनजवळचा अंतोनिव्स्की पूल, अशी हेरलेली लक्ष्यं आणि उपग्रहाच्या आधाराने नेम धरणारी मोजकी रॉकेटं. पुढे रशियाने उपग्रहाचे संकेत बिघडवणारं जॅमिंग वाढवलं आणि तो नेमही ढळू लागला. हायमार्सचे भक्त हे सांगत नाहीत.

पल्ल्यात तर सरळ हातचलाखी आहे. १२० किलोमीटरच्या पिनाका रॉकेटची पहिली चाचणी डिसेंबर २०२५मधली. मूळ पिनाकाचा पल्ला ३८च्या आसपास, नेम धरणाऱ्या आवृत्तीचा ७५. आपलं उद्याचं रॉकेट धरायचं, तर त्यांचं १५० किलोमीटरचंही धरा, आणि हायमार्सवरून सुटणारं ३०० किलोमीटरचं अ‍ॅटॅकम्स क्षेपणास्त्रही.

किंमतीतही तेच: आपलं साधं रॉकेट आणि त्यांचं नेम धरणारं.

पिनाकाबद्दल छाती फुगवायचीच असेल, तर कारण वेगळं आहे. तिचा आराखडा पुण्यात पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या संशोधन संस्थेत झाला. फेब्रुवारी २०२५मध्ये संरक्षण मंत्रालयाने तिच्या रॉकेटांसाठी १०,१४७ कोटींचे करार केले, ते नागपूरची इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज आणि पुण्यातली म्युनिशन्स इंडिया यांच्याशी. रिकाम्या झालेल्या नळ्या भरायला आपल्याला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. फिरणाऱ्या मजकुरात नेमकं हेच नाही.